मागावरची टोके

त्या दिवशी आकाश पांढुरके झाले होते आणि वारा इतका कोरडा, की हात लागताच सूत तटातट तुटे. पूर्वी कांपिल्य नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रिल नावाचा विणकर होऊन जन्मला, त्या वेळची ही गोष्ट. आई आणि धाकटा भाऊ नंदक दूर गावी असत. भद्रिल विणी, विकी आणि गावी धान्य धाडी.

आता विणकर कापड उतरवताना ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, हातभर टोके मागावरच ठेवतो बरं का. नव्या ताण्याचे धागे त्यांनाच गाठी मारून जोडायचे, म्हणजे ते मागाच्या दातेरी फणीतून आपसूक ओढले जातात. मागच्या खेपेला नंदक आला, तेव्हा आईचे पांघरूण जरा लांब व्हावे म्हणून भद्रिलाने तीही कापून दिली, घरातले सूतही दिले.

"मागच देऊन टाकायचास की, पांघरूण आणखी लांब झालं असतं!" शेजारची रोहंती आजी म्हणाली. तिनेच मग सूत उसने दिले. भद्रिल एकेक धागा फणीत ओवत बसला. तोवर माग थांबला आणि गावी आईची चूलही थंड राहिली.

आज नंदक पुन्हा दारात. "दादा, छप्पर उडालंय. धान्य दे, सूतही दे. गावात त्याला गिऱ्हाईक आहे."

भद्रिलाने धान्य दिले, अंगावरची शाल दिली. सुताला हात लावला नाही.

"शहरात राहून मूठ आवळायला शिकलास! आईला काय सांगू?"

"सांग, दादाचा माग चालू आहे."

नंदक रागाने गेला. भद्रिलाने ताट तसेच झाकून ठेवले. पण तो टोकांना धागे जोडत राहिला.

त्या वर्षी पाऊस आला नाही. गाव ओस पडले. नंदक आईला पाठीवर घेऊन आला, तो मान वर करीना. भद्रिलाने आईचे पाय धुतले. म्हणाला, "नंदा, आधी जेव. मग गाठी मारायला बस."

कथा संपवून शास्ते, म्हणजे पुढे बुद्ध झालेला तोच बोधिसत्त्व, समोर बसलेल्यांना म्हणाले, "तेव्हाचा नंदक म्हणजे परगावी राबणाऱ्या भावाची तक्रार घेऊन आलेला हा गृहस्थ. आई ती याचीच आई, आजी ती ही वृद्ध उपासिका, आणि विणकर मी होतो. देता देता देणारा हात शाबूत ठेवणे, ही प्रज्ञा."

रोहंती आजी मात्र आई आली त्या दिवशी दारातूनच भद्रिलाला म्हणाली होती, "या खेपेलाही टोकं कापली असतीस, तर आज ही माय कुणाच्या दारात उतरली असती रे?"