दक्षिणेची खिडकी

तो फलक वाचू नका. थंड वारा येतो म्हणून ही खिडकी बुजवली, असं त्यावर लिहिलंय. या डोंगरात थंड वारा उत्तरेकडून येतो आणि बुजवलेली खिडकी आहे दक्षिणेला. गावाने जे सांगितलं ते फलकवाल्याने निमूट लिहून घेतलं असणार. मी ओरोसिया. छप्पन्न वर्षांपूर्वी या आर्गेस गावची सून होऊन आले, आणि चर्चची आणि या खोपीची किल्ली गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. मी सांगते ते ऐका.

आत या, जरा वाकून. चार भिंती, चार दिशांना चार खिडक्या, वर दगडी छप्पर. स्पेनच्या या डोंगराळ मुलखात अशा खोपी बऱ्याच गावांत आहेत. उन्हाळ्यात गारांचा काळा ढग चालून आला की चर्चची घंटा वाजायची आणि गावातला जाणकार इथे उभा राहून प्रार्थना म्हणत ढगाला हाकलायचा. पण नुसतं जा म्हटल्याने ढग जात नाही म्हणे. कुठे जायचं ते त्याला सांगावं लागतं. ज्या खिडकीतून क्रूस बाहेर धरावा तिकडे तो वळतो, असं सांगतात.

बाहेर बघा. पूर्वेला गाव, पश्चिमेला गावाची शेतं. उत्तरेला नुसता खडक, तिथे कुणाचं काही बिघडत नाही. जुन्या काळी ढग तिकडेच जायचा. पुढे आर्गेसवाल्यांची मेंढरं वाढली आणि खडकाखालच्या कुरणात उन्हाळाभर चरू लागली. मग मेंढरांवर गारा पडू नयेत म्हणून या शहाण्यांनी ढग दक्षिणेला धाडायला सुरुवात केली. दक्षिणेला खाली दरीत सोलानेता. तीस घरं आणि गव्हाची शेतं, दुसरं काही नाही.

ढग खाली उतरला की आर्गेसवाले समोरच्या कट्ट्यावर उभे राहून बघत आणि हळहळत. सोलानेतावाल्यांचं काहीतरी पाप असणार, नाहीतर दर वर्षी त्यांच्यावरच का पडाव्या गारा, असं एकमेकांना सांगत. ढग कुणी पाठवला हे त्यांना आठवत नसे. दुसऱ्या दिवशी काळ्या पावाची एक टोपली खाली पाठवत. आपल्या दानतीचं त्यांना फार कौतुक. टोपली तेवढी परत मागून घेत.

त्या काळी ढग वळवायचं काम गालिंदोकडे होतं. आवाज मोठा, कणा बेताचा. त्याची एकुलती एक लेक सांचा सोलानेतात दिली होती. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला. पदरी तीन महिन्यांची पोर आणि दरीच्या तोंडाशी गव्हाचा एक तुकडा, एवढाच तिचा संसार. त्या वर्षी गहू असा आला होता म्हणे की सांचाने बापाला निरोप धाडला, गुरुवारी कापणी आहे, जेवायला या.

गुरुवारी दुपारी ढग आला. गालिंदो क्रूस घेऊन इथे उभा राहिला आणि त्याने उत्तरेच्या खिडकीकडे तोंड केलं. गावचा मुखिया फोर्तुन दारातच उभा होता. सगळ्यात जास्त मेंढरं त्याचीच.

"वर माझी मेंढरं आहेत, गालिंदो."

"खाली माझी लेक आहे. आज कापणीला शेतात उभी आहे."

"दिलीस ना तिला? मग ती त्यांची झाली."

या गावात एवढं बोलणं पुरतं. गालिंदोने ना हुज्जत घातली, ना क्रूस खाली ठेवला. तो वळला आणि या दक्षिणेच्या खिडकीतून हात बाहेर काढला. त्याने डोळे मिटून घेतले होते, असं इथले लोक मोठ्या मायेने सांगतात. मिटल्या डोळ्यांनीही ढग गेलाच ना.

सांचाने पोरीची दुरडी अंगाखाली घेतली आणि वर पालथी पडून राहिली. अक्रोडाएवढ्या गारा होत्या म्हणतात. पोर वाचली. गहू गेला, सांचाचा डावा डोळा गेला, आणि पाठ पुन्हा कधी सरळ झाली नाही.

तीन आठवड्यांनी ती ही चढण चढून आली. मागे सोलानेताच्या सगळ्या बायका, प्रत्येकीच्या ओच्यात आपापल्या शेतातले दगड. गालिंदो इथेच बसला होता.

"माझं शेत कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, बाबा."

"पोरी, ढग कुठंतरी जायलाच हवा होता."

"मग आता तो इथं राहू दे," सांचा म्हणाली, आणि तिने पहिला दगड लावला.

बायकांनी खिडकी बुजवली. आर्गेसचे पुरुष कट्ट्यावरून बघत राहिले. लाज वाटली म्हणून त्यांनी अडवलं नाही असं कुणी सांगेल, तर ऐकू नका. बायका गेल्या की भिंत फोडू, असा त्यांचा हिशेब होता. पण बायका गेल्याच नाहीत. त्या इथे आत बसून राहिल्या, दारात सांचा, मांडीवर पोर. चौथ्या दिवशी ढग आला. फोर्तुन पहार घेऊन धावला, मागून क्रूस घेऊन गालिंदो, आणि सांचाला ओलांडायचं म्हटल्यावर दोघं दारात थबकले. उत्तरेची खिडकी उघडीच होती, पण तिकडे मेंढरं, म्हणून तिचं नाव कुणी काढलं नाही. भिंत गालिंदोने फोडावी असं फोर्तुनला वाटत होतं, फोर्तुनने फोडावी असं गालिंदोला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि ढग फुटला. मेंढरं, शेतातलं पीक, घरांची छपरं, या वेळी सगळं आर्गेसचं गेलं. त्यानंतर सोलानेताच्या पापाबद्दल इथे कुणी बोललं नाही.

तेव्हापासून दर वर्षी तीन मेला, पवित्र क्रूसाच्या सणाला, सोलानेताची एक बाई वर येते. भिंतीवर तीनदा मूठ आपटते, दगड हलत नाही ना बघते, आणि इथलं पाणीही न पिता परत जाते. सोलानेता आता रिकामं आहे. शेवटचं दार माझ्या बापाचं होतं. होय, मी तिथलीच, आणि आता वर येणारी ती बाईही मीच. त्या दिवशी सकाळी मी खाली जाते आणि त्या दारापासून चढून येते. दोन तास लागतात. आपल्या घरापासून दहा पावलांवर तर भिंत आहे, तिथूनच जाऊन ठोक की, असं माझा नवरा म्हणायचा. आर्गेसचाच तो.

आजही जुलैत आभाळ काळं झालं की या गावातली उरलेली अकरा माणसं दारात येतात. आधी कुठे बघतात ते मी बघत असते. खालीच बघतात. खाली आता कुणी राहत नाही, तरी खालीच. म्हणून किल्ली मी कुणाच्या हातात देत नाही. चला, वाकून बाहेर पडा, कुलूप लावायचंय.