गावडे ड्रायव्हर गप्प का झाले

"...मग मी समजायचं तरी काय, नाना?"

शर्वरीने फोन पालथा ठेवला, आणि लगेच उचलून पुन्हा पाहिला. सकाळपासून त्या फोनला बिचाऱ्याला उसंत नव्हती.

नाना खांबेटे कोथिंबीर निवडत बसले होते. उभी हयात त्यांनी लोकांची पुस्तकं संपादित केली. शर्वरी त्यांच्याच हाताखाली शिकली. आता नोकरी सोडून तिने स्वतःच्या जिवावर पहिलं काम घेतलं होतं. घाटात एसटी चालवलेल्या गावडे ड्रायव्हरांच्या आठवणी. तिने हात फिरवून पाठवल्या, आणि माणूस गप्पच झाला.

"आधी ऊठसूट फोन करायचे. आता मेसेज वाचतात, पण उत्तर नाही. फोन उचलत नाहीत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुस्तक छापायला कसं देऊ?"

"काम कसं झालंय?"

नुसती विचारायची खोटी.

"लखलखीत. त्यांनी लिहिलं होतं, 'चढणीला गाडी म्हातारीगत कण्हायची, मग मी तिच्याशी बोलत बसायचो.' मी केलं, 'चढणीवर इंजिनावर ताण येत असे. अशा वेळी संयम राखावा लागे.' अख्खं पुस्तक असं घासून काढलंय, नाना. एक वाक्य सोडलं नाही."

"हं... आणि तुला काय होतंय?"

"नुसती धडधड होते. घास उतरत नाही घशाखाली."

"'मी अस्वस्थ आहे,' असं म्हण."

ती थबकली. नाना कधी कुणाला मधेच तोडत नसत.

"बरं... अस्वस्थ. वाटतं, आपल्याच्यानं हे होणार नाही. उगाच लाथ मारली नोकरीला..."

"'स्वतःच्या क्षमतेविषयी शंका वाटते.' नेटकं होतं."

"नाना, मी पोटातलं सांगतेय तुम्हाला."

"'मनोगत व्यक्त करतेय.' हां, पुढे?"

शर्वरीची कानशिलं तापली. डोळे भरून आले. पुढचं वाक्य अगदी ओठांवर होतं, ते तिने गिळून टाकलं. बोलून उपयोग काय, नाना तेही बदलणार. ती खाली मान घालून कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली.

नानांनी जुडी बाजूला सारली. तिच्याकडे पाहत थांबले.



"काय गं," ते म्हणाले, "तूही उत्तर देत नाहीस?"