वास कुणाचा, पाय कुणाचे

फार जुनी गोष्ट. तेव्हा मुंग्या वाटेत थांबत नसत. पुढच्या मुंगीच्या पावलांचा वास धरायचा आणि डोळे मिटून चालायचं, अशी वारुळाची रीत.

एकदा गोदी मुंगीला एका भुंगेऱ्याने गुळाचा खडा दिला. "पाठीवर बसू दे, एवढंच," म्हणाला. तिने बसवलं. वरून तो वाटभर गुळाचा वास शिंपडत राहिला. त्या वासामागे सगळं वारूळ तोंडातल्या दाण्यांसकट धावलं, आणि पाहतात तर वाळकी साल! दमलेल्या मुंग्या ते दाणे तिथेच टाकून परतल्या. ते भुंगेऱ्याने लाटले. घरी पिल्लं उपाशी.

राणीपुढे भुंगेरा म्हणाला, "मी एक पाऊलही टाकलं नाही."

"आई, वास माझा नव्हता गं!" गोदी रडकुंडीला आली.

"वास त्याचा, पाय तुझे," राणी कडाडली. "याला आधी हद्दीबाहेर काढा! आणि गोदे, तू एकदा तरी मागे वळून पाहिलंस? आता त्या खोट्या वाटा तूच पुसायच्या."

गोदीच्या तोंडात गूळ अजून विरघळत होता.

पुन्हा असं फसण्याची धास्ती साऱ्या वारुळाला लागली. आजही मुंगी समोरून येणाऱ्या प्रत्येकीला अडवते, तोंडाला तोंड लावते आणि घाईघाईने विचारते, "बाई, पाठीवर कुणी नाही ना?"