अळंबीच्या अर्काची बाटली

“म्हणजे देऊ की नको, एवढं तरी सांगा ना!”

निरंजनने हे तिसऱ्यांदा विचारलं. केरोबा वैद्य मात्र त्याच्या मोबाईलमधल्या फोटोत रमले होते. चष्मा कपाळावर आणि मोबाईल नाकाला टेकलेला.

“हे बारके ठिपके म्हणजे कॅन्सरच्या पेशी?”

“हो बुवा. डावीकडं बघा, नुसत्याच ठेवल्या तर काचेच्या बशीभर पसरल्यात. उजवीकडं अळंबीचा अर्क घातलाय. जागच्या जागी!”

“झकास!” केरोबांनी मांडीवर थाप मारली. “लाकडावरची ती पंख्यासारखी अळंबी? शाब्बास रे पठ्ठ्या!”

निरंजनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठवडाभर कोल्हापुरातली प्रयोगशाळा आणि रविवारी गगनबावड्याचं हे वैद्याचं घर, अशी त्याची वर्षं चालली होती. एवढ्या काळात बुवांनी त्याला कुणा रोग्याला चिमूटभर चूर्णही देऊ दिलं नव्हतं. बुवा घोंगडीवर आणि हा समोर जमिनीवर, हेही ठरलेलं. आज मात्र त्याच्या खिशात अर्काची बाटली होती.

आणि बाहेर कट्ट्यावर गोदाक्का बसली होती. तिच्या छातीतली गाठ काढून झाली होती. आजार पुन्हा पसरू नये म्हणून उद्यापासून दवाखान्यात इंजेक्शनं सुरू व्हायची होती. त्यांची तिने हाय खाल्ली होती. मघाशीच ती निरंजनला म्हणाली होती, “तुमचं औषध मिळालं, तर म्या दवाखान्याकडं फिरकायची न्हाई बगा.”

हे काही बरोबर नाही, हे त्याला कळत होतं. पण ऐकायला फार गोड वाटलं होतं.

“तिला हेच हवंय, बुवा.”

“हवंय खरं.” केरोबांनी मोबाईल परत दिला. “दे की मग. या घराचा रिवाज ठाऊक आहे ना?”

निरंजनचा चेहरा उतरला.

रिवाज त्याला पाठ होता. नवं औषध द्यायचं, तर त्याबद्दल आपल्याला काय माहीत नाही ते रोग्याला आधी सांगायचं. सगळं. बाटली पुढं करायची ती त्यानंतर.

“सगळं सांगू?”

केरोबांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.

तो बाहेर गेला. गोदाक्का आशेने सरसावून बसली.

“आक्का, हे बशीत चाललं. माणसाच्या अंगात चालेल का… माहीत नाही.”

“बरं.”

“किती द्यायचं, माहीत नाही. अपाय होईल का, माहीत नाही. तुमच्या इंजेक्शनाच्या आड येईल का, तेही माहीत नाही.”

बोलता बोलता त्याचाच आवाज बारीक होत गेला.

“आन् त्या इंजेक्शनाचं?”

“त्याचं माहीत आहे. तुमच्यासारख्या पुष्कळ बायकांना देऊन पाहिलंय. खात्री कुणीच देणार नाही, पण पसरायचा धोका त्यानं कमी होतो. त्रासही होतो.”

“केस जात्यात?”

“बहुतेक जातील. परत येतात.”

तिने पदराने तोंड पुसलं. डोईवरून एकदा हात फिरवला.

“मग जाते उद्या,” ती म्हणाली. “हितवर मला समद्यांनी निस्ता धीर दिला. खरं कुनी सांगितलंच न्हाई. आन् तुमी बी त्या बशीतलं सोडू नगा, दादा. माझ्या नातीच्या टायमाला पक्कं करून ठेवा.”

स्वतःच्या बोलण्याचं तिला हसू आलं. हसतच ती एसटी गाठायला निघाली.

निरंजन आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, पण मनाला कसं हलकं वाटत होतं. बाटली अजून त्याच्या हातात होती. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

“उद्या दवाखान्यात जाते म्हणाली, बुवा. मी तिला काहीच दिलं नाही.”

केरोबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. थोडे सरकले आणि घोंगडीचा अर्धा भाग हाताने झटकून मोकळा केला.

“ये, इथं बस. आज तुझ्या हातून पहिलं औषध दिलं गेलं.”