दोरावरची डावी गाठ

फार फार वर्षांपूर्वी, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, एका डोंगरावर मोठे विद्यापीठ होते. नवा विद्यार्थी आला की दारावर टांगलेल्या दोराला खूणगाठी मारायचा: मला इथे हे मिळावे, ते मिळावे. शिकून निघताना जे मिळाले त्याची गाठ सोडायची, जे राहिले त्याची तशीच ठेवायची. अशी तिथली रीत.

दोर गाठींनी भरून गेला होता. पण मान वर करून बघतो कोण?

एकदा राजा भेटीला येणार असे कळले आणि कुलगुरूंचे धाबे दणाणले. त्याच दिवशी वैद्यक शिकलेली एक मुलगी निरोप घ्यायला आली. तिच्या गावात वैद्य नव्हता, सगळे तिची वाट पाहत होते. तिने दोन गाठी सोडल्या, तिसरी ठेवली.

"तीही सोड, राजाला आणखी एक राहिलेली गाठ दिसायला नको," कुलगुरू म्हणाले. "नाहीतर वैद्य म्हणून इथून जाता येणार नाही."

"आचार्य, इथे माझ्या शंका ऐकल्या जातील, अशी ती गाठ होती. शिकवलंत खूप. पण शंका विचारली की सगळे हसायचे. न मिळालेलं मिळालं कसं म्हणू?"

कुलगुरूंनी रागाने विळा मागवला आणि गाठ छाटली. झाले! दोराचे दोन तुकडे. एवढा विद्वान माणूस, पण हे काही सुचले नाही. राजा तर डोंगर चढू लागला होता. आता तुकडे जोडायचे म्हणजे काय करायचे? गाठच मारायची!

कुलगुरू होते डावखुरे. त्यांची गाठ उलटी पडली.

मुलगी म्हणाली, "आचार्य, अशीच एक गाठ वर आहे. सगळ्यांत जुनी."

त्यांनी मान वर केली. चाळीस वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, त्यांनीच मारलेली ती गाठ. तीही शंकेचीच, आणि तीही न सुटलेली. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, काय होती तुझी शंका?"

"चिंचेला डोळे नाहीत. मग सांज झालेली तिच्या पानांना कळते कशी?"

कुलगुरूंनी अंगणातल्या चिंचेकडे पाहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही. चल, बघू या."

हे शब्द त्या अंगणात कुणी कधी ऐकले नव्हते.

राजा आला तेव्हा स्वागताला कुणीच नाही. सगळे चिंचेखाली माना वर करून उभे. ऊन उतरले, आणि एकेक इवलेसे पान आपल्या जोडीच्या पानाला जाऊन भिडले. बघता बघता अख्खे झाड मिटले. राजाही आ वासून पाहत राहिला. एवढे नवल रोज डोक्यावर घडत होते, आणि कुणी विचारले नाही म्हणून कुणी पाहिले नव्हते!

"उत्तर मिळालं?" राजाने हळूच विचारले.

"नाही महाराज. पण प्रश्न ऐकला." कुलगुरूंनी शिडी लावून आपली जुनी गाठ सोडली.

"आणि या बाकीच्या?"

"आमची राहिलेली कामं."

"मग त्या सुटेपर्यंत हे विद्यापीठ चाललंच पाहिजे," राजा म्हणाला.

मुलगी वैद्य होऊन गावी गेली. जोडाची डावी गाठ मात्र कुलगुरूंनी आठवणीसाठी तशीच ठेवली.

म्हणून सांगतो, शिकणाऱ्याची तक्रार छाटू नये, सोडवावी.