खाणीवरच्या बाईच्या हिरव्या बांगड्या

किती वर्षं झाली ते विचारू नका, राजा कोण होता तेही आता कुणाला आठवत नाही. पण पूर्वी कधीतरी डोंगराच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं आणि गावाबाहेर दगडाची खाण होती. त्या खाणीवर एक बाई आणि तिचा नवरा दगड फोडायचे.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "आये, तुजं हात भरल्याशिवाय मी चुडा भरणार न्हाई. आधी तू, मग मी."

दगड फोडणाऱ्या हातात काच टिकत नाही, म्हणून आईने जन्मभर एका पितळी कड्यावर भागवलं होतं. पण लेक हट्टाला पेटलेली आणि चुडा तर संध्याकाळीच भरायचा. बाई लगबगीने बाजाराला निघाली.

पेठेच्या तोंडाशी एका कासाराचं मोठं दुकान होतं. आपल्यासारख्यांनी तिथे जावं की नाही, असं तिला वाटलंच. तरी लेकीचं लग्न काय रोज होतं, म्हणून ती पायरी चढली.

"हिरव्या द्या. उद्या लेकीचं लगीन हाय."

कासाराने तिचे हात पाहून नाक मुरडलं. नजरेनेच माप ठरवलं, एक बांगडी उचलली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत मारत तिच्या हातावर रेटली. ती मोडली. मग दुसरी रेटली. तीही मोडली आणि अंगठ्याजवळ रक्त आलं.

"फोडलीस ना!" कासार खेकसला. "हात आहेत की फावडी? दोन्हींचे पैसे ठेव आणि वाट धर. असले हात घेऊन बांगड्या भरायला येतात!"

आता कासारकीची एक जुनी रीत आहे. भरताना मोडलेली बांगडी कासाराची, गिऱ्हाइकाची नव्हे. शिवाय लग्नघरच्या बाईसमोर बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. या शहाण्याने एका दमात दोन्ही गुंडाळून ठेवलं. बाईला रीत ठाऊक होती, पण दुकानातल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तिने पैसे ठेवले, हात पदराखाली घेतले आणि खाली उतरली. पैसे गेले त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. वाईट हे, की त्याचं म्हणणं तिला पटलं. दोष आपल्या हातांचाच, असं मनाशी म्हणत ती घराकडे वळली. लेकीला काय सांगायचं, हे मात्र सुचत नव्हतं.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारा कासार गोणपाट अंथरून बसला होता. त्याने तिला हटकलं. "काय गं लेकी, न भरताच चाललीस?"

"माज्या हाताला बांगडी चढत न्हाई, बाबा."

"कोण म्हणतं? बस. आण हात इकडे."

त्याने हात हातात घेतला, एकेक पेर दाबून पाहिलं. "खाणीवर असतेस ना? अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरलाय. जरा वेळ लागेल, पण होईल." त्याने कोमट पाणी मागवलं, हात भिजवले, तेल चोळलं आणि मगच पहिली बांगडी चढवायला घेतली. ती मोडली! बाई दचकली. दुसरा हात आपसूक पैशांच्या गाठीकडे गेला.

"अगं, वाढली," म्हातारा म्हणाला. "माप माझं चुकलं. तुझ्या हाताचं काय त्यात? थांब, वरचं माप काढतो."

वरच्या मापाच्या बांगड्या मात्र एकामागून एक चढल्या. दोन्ही हात भरले. बाईने रीतीप्रमाणे म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि तिला रडूच आलं. संध्याकाळी मुलीनेही त्याच्याच हातून चुडा भरला.

लग्नात खाणीवरच्या बायका तिच्या हातांकडे बघतच राहिल्या. "तुला कशा गं चढल्या? आमाला तर पेठंतल्या कासारानं हात बगूनच हाकललं." प्रत्येकीला वाटत होतं, आपलेच हात तेवढे वाईट. पुढच्या बाजारी झाडून साऱ्या जणी म्हाताऱ्याच्या गोणपाटाभोवती बसल्या. त्यांचं बघून शेतात राबणाऱ्या आल्या, धुणी धुणाऱ्या आल्या. त्या गावात मऊ हात होतेच किती? पेठेतल्या कासाराच्या हे ध्यानात आलं, तोवर त्याच्या बांगड्यांवर धूळ बसली होती.

एके दिवशी ती बाई समोरून जाताना दिसली. तो पायरीवर येऊन म्हणाला, "या, बाई, या! आता मोडली तरी पैसे घेणार नाही. म्हाताऱ्यापेक्षा स्वस्त देतो."

बाई थांबली. "पैशाचं न्हवतं वो ते, शेट. तुमच्या हातनं मोडली आन् दोष माज्या हाताला दिलात. लेकीच्या मांडवात मी उघड्या हातांनी उभी राह्यले असते." एवढं बोलून ती पुढे गेली.

दिवाळीच्या आतच पेठेतल्या कासाराच्या दुकानाला कुलूप लागलं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपली चूक जो गिऱ्हाइकाच्या माथी मारतो, त्याच्याकडे चुका दाखवायलाही पुन्हा कुणी येत नाही.