कोरी चहावाली

“पण पेटी मन्सूरलाच का, अण्णा?”

निवासनं चपलाही काढल्या नव्हत्या, त्याच्या खेळाची पेटी अजून खांद्यावरच होती.

रेवणअण्णा बाहुलीच्या हाताला दोरा बांधत राहिले. कळसूत्री बाहुल्यांचे ते जुने उस्ताद. आता बोटं थरथरत, म्हणून बाहुल्यांची आपली वडिलोपार्जित पेटी ते दोन शिष्यांपैकी निवासला न देता मन्सूरला देणार होते. हे कळल्यापासून निवासच्या पोटात दुखत होतं.

“बाजारातल्या बॉम्बस्फोटाचा खेळ आम्ही दोघांनी आपापल्या परीनं बसवला. माझ्या खेळाला कॉलेजची पोरं बाकांवर उभी राहतात. शिट्ट्या काय, टाळ्या काय! आणि त्याच्या खेळाला? सगळी गप्प.”

“गप्प?”

“एक मुलगी तर रडली म्हणे.” सांगतानाही त्याचा जळफळाट लपेना. “माझ्या खेळाला कुणी रडत नाही... कधीच.”

“तुझी पेटी उघड.”

अण्णांची एक रीत होती, शिष्यही ती पाळत. खेळ संपला की बघायला आलेल्या मुलांनी पडद्यामागे यायचं आणि आवडेल ती बाहुली हातात घ्यायची.

अण्णांनी अतिरेक्याची बाहुली उचलली. हाताळून हाताळून तिचा रंग उडाला होता. बंदूक दोनदा नवी बसवावी लागली होती.

मग त्यांनी स्फोटात मरणाऱ्या चहावालीची बाहुली काढली. कोरी करकरीत.

“मन्सूरच्या पेटीत काय दिसतं?”

निवास ओशाळला. त्यानं ती पेटी चोरून पाहिली होती. जळणारा माणूस दुसऱ्याची पेटी उघडल्याशिवाय राहतो थोडाच!

“त्याच्या चहावालीचं नाक झिजलंय,” तो दात आवळून म्हणाला. “अतिरेकी कोरा आहे... अण्णा, तो तिला कुठला रंग लावतो?”

अण्णा हसले.

“तुझी चहावाली काय करते?”

“पडदा उघडला की स्टोव्ह पेटवते.”

“मग?”

“मग स्फोट.”

“आणि त्याची?”

“ती... नुसती बडबडते. गिऱ्हाइकांना नावानं हाका मारते. आल्याच्या तुकड्यावरून नवऱ्याशी भांडते. स्फोट होईस्तोवर अर्धा तास जातो.”

“हं...”

अण्णांनी कोरी चहावाली उचलली, तिचे दोरे निवासच्या बोटांत अडकवले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

निवासनं दोरा ओढून तिचा हात वर केला. मग त्यानं विचारलं, “आणि पेटी?”

“आधी हिचा चहा उकळू दे.”